डावा कान जरा खाली

७ जानेवारी

नवा ब्लॉग उघडला, स्वतःसाठी. नाव नाही, थीम कोरी, माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशी सेटिंग. जे लिहीन ते मसुद्यातच राहील. वही ठेवली असती, पण मामा वही वाचतो. मामा गिऱ्हाइकांचे बायोडेटासुद्धा वाचतो आणि वर त्यांना सुधारणा सुचवतो.

कॉलेजचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. सर आमच्या जन्माआधीचं सॉफ्टवेअर शिकवत होते. मी ते भर वर्गात सांगितलं. ते म्हणाले, बाहेर जा. मी गेलो. परत ये असं कुणी म्हटलं नाही, म्हणून गेलो नाही. बाबा तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. मामानं दुकानात घेतलं. प्रिंट, स्कॅन, लॅपटॉप दुरुस्ती, आणि मी आल्यापासून वेबसाइट व ब्लॉग. पाटीवर ती ओळ मीच वाढवली. मामा मला अर्धा इंजिनियर म्हणतो. गिऱ्हाइकांसमोर.

१२ जानेवारी

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ती आज आमच्याकडे आली. इतके दिवस रस्त्यापलीकडून बघत होतो, आज हाताच्या अंतरावर. माझ्या हातात उघडा लॅपटॉप होता, पंखा निघालेला. दोन स्क्रू खाली पडले. एक अजून सापडलेला नाही.

"तुम्ही ब्लॉग करून देता ना?"

"कुठल्या प्लॅटफॉर्मवर हवाय?" मी विचारलं.

"लोकांना वाचता येईल अशा."

मामा मागून फिसकन हसला. मी मामाकडे बघितलं नाही.

तिला चष्म्यांवर लिहायचंय. काच कशी पुसायची, स्क्रू सैल झाला तर काय करायचं, असं. तिचे वडील, ज्यांना सगळी गल्ली चष्मेवाले काका म्हणते, ते दुकानाची जाहिरात होईल म्हणून हो म्हणालेत. मग तिनं आवाज खाली आणला.

"कुठूनही दिसतो ना? दुसऱ्या गावातून? लांबून?"

"जगात कुठूनही."

"आणि वाचणाऱ्याला काही लिहावंसं वाटलं तर?"

"खाली कमेंटची जागा असते."

"खरं नाव द्यावं लागतं?"

"काहीही नाव चालतं."

"मग तेच हवं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

नाव न देता मनातलं लिहिणारा कुणीतरी तिला हवाय. आणि हे ती मला विचारते. मला.

२० जानेवारी

तीन थीम टाकून बघितल्या. पहिलीत जोडाक्षरं फुटत होती, दुसरीत वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढत होत्या. तिसरी चांगली, पण मोबाइलवर मेनू अर्धा कापला जायचा. आतली कोडची फाइल उघडून दुरुस्त केला. कॉलेजात हे कुणी शिकवलं नसतं.

तिची एकच अट होती. "अक्षर मोठं ठेवा. कमी दिसणाऱ्यालाही वाचता आलं पाहिजे." वापरणाऱ्याचा इतका विचार करणारी मुलगी मी पाहिलेली नाही. मामा तर गिऱ्हाइकाला उलट्या बाजूला छापलेले कागद देतो.

कमेंट आधी माझ्याकडे येतील, मी पास केल्या की दिसतील, असं ठेवलंय. स्पॅम फार असतो. तिला सांगितलं नाही. तिला त्या तांत्रिक भानगडीत काय रस. ती मोबाइलवर लिहून मला पाठवते, मी चढवतो. आजपासून अहो-जाहो बंद, तिनंच सांगितलं.

२ फेब्रुवारी

पहिली पोस्ट: काच शर्टाच्या टोकानं पुसू नका, धूळ घासली जाते आणि चरे पडतात. दुसरी: नाकावरच्या गाद्या पिवळ्या पडल्या की बदला. छान लिहिते. भेटी अकरा, त्यातल्या नऊ माझ्या.

ती रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी येते आणि विचारते, "कुणी काही लिहिलं?" तिचा चेहरा पडलेला बघवेना, म्हणून मीच लिहिलं. "एक वाचक" या नावानं: फार उपयुक्त माहिती, लिहीत राहा. तिला दाखवलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हा कोण?"

"कुणीतरी वाचक."

"हं." मोबाइल खाली ठेवला. आनंद झाला होता, दाखवला नाही इतकंच.

९ फेब्रुवारी

आजची पोस्ट अख्खी उतरवून ठेवतो.

"दोन्ही कान एका रेषेत असतातच असं नाही. ज्याचा डावा कान जरा खाली असतो, त्याचा चष्मा कितीही वेळा बसवला तरी तिरपाच बसतो. लोक हसतात. पण त्यात त्याची चूक नाही. त्यानं फक्त एकदा दुकानात यावं. काडी सरळ करायला एक क्षण पुरतो. त्यासाठी कुणी रागावणार नाही."

पाच वेळा वाचली. हे चष्म्यांच्या निगेबद्दल नाही. हे कुणालातरी उद्देशून आहे आणि तिच्या ओळखीत चष्मा असलेला, तिच्या दुकानात यायला बिचकणारा मुलगा कोण आहे?

आरशात बघितलं. डावा कान खाली वाटला. मोबाइलवर फोटो काढून त्यावर आडवी रेघ मारली. फरक फारसा नाही, पण मान थोडी कलती केली की आहे.

माझा चष्मा मात्र सरळ बसतो. म्हणून दुरुस्तीच्या टेबलावरच्या गरम हवेच्या यंत्रानं डावी काडी तापवली आणि वाकवली. आता नीट तिरपा बसतो.

१० फेब्रुवारी

गेलो. काउंटरवर ती होती. माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात हवेतच राहिला. माझ्या चेहऱ्याकडे, चष्म्याकडे, एकटक. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी खोटं लिहीत नाही.

"हे असं कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्यापासूनच."

तिनं चष्मा काढून घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात आतून म्हातारा आला. मी त्याच्या अगदी बाजूला उभा, हात लावला असता तर लागला असता, आणि हा ढुंकून बघत नाही. सरळ पुढे बघत, "कोण आहे गं?" म्हणे. वर मला खांद्यानं धक्का मारला, तो वेगळाच. इतका माज. मी बाहेर पडलो. चष्मा तिरपाच राहिला. राहू दे. निमित्त शिल्लक आहे.

१६ फेब्रुवारी

डोकं सारखं दुखतं. मामा म्हणतो स्क्रीनमुळे. स्क्रीनमुळे नाही, काच डोळ्यासमोरून सरकली आहे म्हणून. तिच्याच ब्लॉगवर लिहिलंय तसं. प्रेमात एवढं चालायचंच.

मामाला चष्मेवाल्यांबद्दल विचारलं, तर त्यानं जुनं दळण दळलं. आधी दुकानात पोरगाही बसायचा, बापाशी भांडून गेला, बाप फार तापट होता, आता मऊ पडलाय, काय नि काय. मी ब्लॉगचा बॅकअप घेत होतो. सत्तर टक्क्यांवर अडकला होता, पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. मामा बोलायला लागला की त्याला थांबवणं बॅकअपपेक्षा अवघड.

२१ फेब्रुवारी

कमेंट आली. खरी. नाव: तिरपा.

"डावा कान खाली असलेल्यांना त्या दुकानात अजून फुकट दुरुस्ती मिळते का?"

रक्त डोक्यात चढलं. ती पोस्ट माझी आहे. हा कोण उपटसुंभ माझ्या कानात स्वतःचा कान घालतोय? आणि "अजून" म्हणजे काय? डिलीट केली.

संध्याकाळी ती आली. "कुणी काही लिहिलं?"

"नाही."

२६ फेब्रुवारी

पुन्हा तोच.

"चिमटे, तूच लिहितेस ना? पहिल्या दोन ओळींत ओळखलं. म्हातारा अजून रागावलेला आहे का? यावंसं वाटतं. तू नुसतं हो म्हण, निघतो."

चिमटे. तिला चिमटा म्हणतो हा. दुकानात नाकाच्या गाद्या वाकवायचा बारीक चिमटा असतो, तो कायम तिच्या हातात असतो, त्यावरून असणार. म्हणजे हा दुकानात येऊन गेलेला आहे. म्हाताऱ्यानं हाकलून दिलेला. आता पुन्हा चिकटायला बघतोय. मुलगी कशीबशी त्यातून बाहेर पडली, माझ्याकडे वळली, तर हा मागचं उकरतो.

डिलीट. मन भरलं नाही, म्हणून ब्लॉगच्या कचऱ्यात जाऊन कायमची डिलीट. "ही कृती परत फिरवता येणार नाही" असं लिहून आलं. फिरवायची आहे कुणाला.

ती आज दोनदा विचारायला आली. दुपारी आणि संध्याकाळी. मी म्हटलं, "धीर धर. वाचणारा वाचत असतो, पण लगेच बोलत नाही." तिला ते इतकं पटलं की तिनं माझा हात दाबला. हात. अजून जाणवतो.

३ मार्च

तिची नवी पोस्ट: "आरशाखालचा खण अजून रिकामाच ठेवला आहे. ज्याची हत्यारं त्यात होती, त्याची जागा कुणाला दिलेली नाही. त्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर तेवढा त्याच्याबरोबर गेला. काचबिंदूत आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटी. समोरचं आहे तोवर येणाऱ्यानं यावं."

काचबिंदूची माहिती मध्येच का घातली कळलं नाही, पण बाकी स्पष्ट आहे. दुकानात माझ्यासाठी जागा ठेवली आहे. आणि लवकर ये म्हणते. तिच्या घरी स्थळं बघत असतील.

मी स्क्रूड्रायव्हरचा नवा संच घेतला, चुंबकी टोकांचा, आणि तिला नेऊन दिला. तिनं उघडून बघितला, एकेक हातात घेतला, परत ठेवला. "छान आहे," म्हणाली. "हा नाही पण." म्हणजे घ्यायला संकोचते. संच घेऊन परत आलो. मामाला सांगितलं, दुकानासाठी आणला. मामा म्हणाला, "अर्ध्या इंजिनियरला पूर्ण संच."

तिरप्याची तिसरी कमेंट: "उत्तर नाही म्हणजे समजायचं ते समजलो. तरी एकदा येऊन जाईन." तीही कायमची डिलीट, आणि त्याचं नाव ब्लॉक यादीत. यापुढे त्यानं काहीही लिहिलं तरी ब्लॉग ते गिळून टाकेल, मलाही कळवणार नाही. हे प्लगइन फार सुंदर आहे. ज्यानं लिहिलं त्याला भेटायला हवं.

११ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला स्वतःचा अभिमान वाटतोय.

समोरचं दुकान सकाळपासून बंद होतं. ती बापाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, तपासणीला असेल. मामा टोनर आणायला गेलेला. दुपारी एक माणूस रस्त्यात उभा राहून समोरच्या बंद शटरकडे बघत होता. बराच वेळ. मग आमच्याकडे वळला. उंच, तिशीचा, पाठीवर बॅग. आणि चष्मा डावीकडे तिरपा.

आत आला. "समोरचं दुकान आज बंद आहे?"

"आज नाही. कायमचं," मी म्हटलं. ठरवलं नव्हतं, आपोआप तोंडातून आलं.

"म्हणजे?"

"विकलं. मुलीचं लग्न ठरलं, ती तिकडे जाणार. बाप तिच्याबरोबर."

तो खुर्चीवर बसला, न विचारता. "बरे आहेत ना ते? काका?"

"ठणठणीत."

"कुणाची... जुन्या कुणाची आठवण वगैरे काढतात का?"

"नाव काढलेलं चालत नाही त्यांना."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. मग विचारलं, "त्यांचा ब्लॉग तुम्हीच बघता, खाली तुमच्या दुकानाचं नाव आहे. कमेंट पोचतात ना तिच्यापर्यंत?"

"सगळ्या पोचतात. तिनंच काढून टाकायला सांगितल्या. हा माणूस त्रास देतो म्हणाली."

"त्रास देतो म्हणाली?"

"तेच शब्द."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. ब्लॉगची पहिलीच पोस्ट वाचली नव्हती वाटतं. पुसत राहिला. पुन्हा घातला, पुन्हा तिरपा. पाणी मागितलं. मी कूलरकडे बोट दाखवलं.

जाताना खिशातून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. जुनाट, मुठीला दोरा गुंडाळलेला. "हा तिला द्याल? काही सांगू नका. नुसता द्या."

"देतो."

म्हणजे चोरही. खणातली वस्तू घेऊन गेला होता. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो. एकदाही मागे बघितलं नाही त्यानं.

स्क्रूड्रायव्हर दुरुस्तीच्या ट्रेमध्ये टाकला. टोक फार बारीक आहे, लॅपटॉपच्या बिजागरीच्या स्क्रूला बरोब्बर बसतं. माझ्या नव्या संचातलं एकही बसत नाही.

१४ मार्च

भराभर लिहितोय, चुका झाल्या तर होऊ देत.

तिला आज सांगितलं. सगळं पाठ केलं होतं. ती दवाखान्याचे कागद स्कॅन करायला आली होती, मामा नव्हता. मी म्हटलं, "मला तुझा निरोप पहिल्या दिवसापासून कळला आहे. डावा कान. रिकामा खण. मी यायला तयार आहे."

तिला समजेना. मी चष्म्याकडे बोट दाखवलं. तेव्हा समजलं. आणि ती हसली. लाजून वगैरे नाही. पोटातून, कागद छातीशी धरून. हसता हसता स्कॅनरला टेकली.

"अरे देवा. तुला वाटलं ते तुझ्यासाठी होतं?"

"मग कुणासाठी?"

"दादासाठी. माझा भाऊ. त्याचा कान खाली आहे, आम्ही तिरपा म्हणायचो त्याला." मग ती हसायची थांबली आणि घडाघड बोलत सुटली. चार वर्षांपूर्वी भांडण झालं, बाबा म्हणाले चालता हो, तो झाला. नंबर बदलला, पत्ता नाही. बाबांनी पहिलं वर्ष त्याचं नाव काढू दिलं नाही. दुसऱ्या वर्षापासून रोज दाराकडे तोंड करून बसतात. आता काचबिंदू झालाय. कडेचं सगळं गेलं, समोर नळीतून बघितल्यासारखं एवढंसं उरलंय. दवाखान्यात परवा सांगितलं, तेही आता महिन्या-दोन महिन्यांचं. "दादाला कॉम्प्युटरचं वेड. आज ना उद्या आमच्या दुकानाचं नाव शोधून बघेल, म्हणून हा सगळा खटाटोप. बाबांनी त्याला एकदा बघावं. एवढंच."

मी चष्म्याची काडी चाचपली.

"तू खरंच वाकवलास चष्मा?" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि परत तिच्या ओठांच्या कडेला ते हसू आलं. "मला त्या दिवशी क्षणभर वाटलं, तोच आलाय दारात. डोक्यानं तू त्याच्यासारखाच आहेस. चटकन भडकणारा, सगळं अर्धं टाकणारा. पण तो चांगला होता रे."

मग तिनं स्कॅनचे कागद उचलले आणि जाताना विचारलं. तरीही विचारलं. "कुणी काही लिहिलं?"

"नाही."

१५ मार्च

तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे अशी एक गोष्ट. ब्लॉगवर कमेंट आली की त्याची एक प्रत दुकानाच्या मेलवर जाते. मजकूर आणि लिहिणाऱ्याचा मेल पत्ता. ब्लॉगवरून कायमची काढली तरी मेलमधली प्रत तशीच असते. सेटिंग मीच चालू ठेवली होती आणि विसरलो होतो. आज उघडून बघितलं. तिरप्याच्या तीन मेल, ओळीनं. पत्ता आहे.

लिहायला घेतलं: "तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. दुकान आहे. लग्न नाही. वडिलांची नजर जाते आहे. लगेच या."

पाच वाक्यं. पाठवा हे बटण निळं.

मग विचार केला. तो येणार. पहिल्यांदा माझ्याकडे बोट दाखवणार. तिला कळणार, मामाला कळणार, मामा आईला सांगणार, आई बाबांना. आणि ती मला काय म्हणेल? आता निदान हसते तरी.

मान वर केली तर समोरच्या काउंटरवर ती कुणा गिऱ्हाईक बाईशी बोलत हसत होती. त्या बाईनं आमच्या दुकानाकडे बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं. सांगितलं असणार तिनं. अख्ख्या गल्लीला सांगेल. तो बघ, तो वाकड्या चष्म्याचा.

मसुदा काढून टाकला. तिन्ही मेलही. रागात नाही. अगदी शांतपणे, एकेक निवडून.

२२ मार्च

चष्मेवाले काका आज एकटे आले. दुपारी गल्ली रिकामी असते तेव्हा. डावा हात भिंतीवर, उजवा पुढे. आमच्या पायरीला अडखळले. मामा जेवायला गेला होता. मी खुर्ची दिली. ते माझ्याकडे तोंड करून बसले, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी.

"पोरीला सांगू नकोस मी आलो होतो," ते म्हणाले. "तिला वाटतं मला काही माहीत नाही. जाहिरात म्हणे. चष्मा कसा पुसावा हे वाचून कधी कुणी दुकानात आलंय? मी हो म्हटलं ते कशासाठी, ते मलाच ठाऊक." खुर्ची थोडी पुढे ओढली. "ती मला वाचून दाखवते. मग मी झोपलो असं समजून बाहेर जाते आणि तुला विचारते. मला तिच्या चपलांवरून कळतं, उत्तर काय मिळालं ते."

"काका, पाणी देऊ?"

"नको. एवढंच सांग. तिरपा नावानं कधी काही आलं का? तिला सांगण्यासारखं नसेल, मला शिव्या घातल्या असतील, तरी चालेल. शिव्या असल्या तर त्याच वाचून दाखव."

मेल त्या क्षणी कचरापेटीत होत्या. दोन वेळा दाबलं असतं की परत.

"नाही काका. काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या मुलानं हलवली होती तशीच. मग उठायला म्हणून टेबलाचा आधार घेतला, तोल गेला, मी पुढे झालो आणि त्यांचा हात माझ्या चेहऱ्यावर आला. चष्म्यावर. बोटं तिथेच थांबली. काडीवरून मागे गेली, कानामागे, मग दुसऱ्या कानामागे. दोन्ही अंगठे दोन्ही कानांवर ठेवून त्यांनी माझं डोकं सरळ धरलं, मापात घेतल्यासारखं.

"कान तर एका रेषेत आहेत तुझे," ते म्हणाले. "मग फ्रेम कुणी वाकवली?"

"पडला काका."

"पडून अशी वाकत नाही. तापवून वाकवलीये." माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. चष्मा काढून घेतला, काडी दोन बोटांत चोळली, तळव्यात धरून ऊब दिली, हळूहळू मागे आणली. "बिजागरीचा स्क्रूही सैल आहे. छोटा स्क्रूड्रायव्हर असेल ना?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांचा हात ट्रेमध्ये गेला. माझा सगळा नवा संच तिथे होता. त्यांच्या बोटांनी तो बाजूला सारला आणि बरोबर तोच उचलला.

स्क्रू पिळायला घेतला आणि थांबले. अंगठा मुठीवरच्या दोऱ्यावरून फिरला. एकदा. मग परत, सावकाश, दोऱ्याच्या गाठीपर्यंत.

"हा कुठून आला?"

चष्म्याशिवाय मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. ते बरं झालं.

"जुन्या बाजारातून. हत्यारांचा ढीग होता, त्यातून घेतला."

"केव्हा?"

"बरेच दिवस झाले."

त्यांनी स्क्रू पूर्ण पिळला, घट्ट. चष्मा माझ्या हातात दिला. स्क्रूड्रायव्हर हातातच होता.

"म्हणजे विकला त्यानं," ते म्हणाले. मला नाही. "दोरा मी गुंडाळला होता. घाम यायचा त्याच्या हाताला, निसटायचा." मग हाताने चाचपून ट्रेची कड शोधली आणि तो आत ठेवला, आवाज न करता. "तुमच्या कामाला येतो ना?"

"येतो."

"मग बरं."

मी सोडायला येतो म्हटलं. नको म्हणाले. रस्ता ओलांडून जाताना हात पुढे केला नाही त्यांनी. एक सायकलवाला ओरडला, तरी केला नाही.

५ एप्रिल

तिनं आज ब्लॉग बंद करायला सांगितलं. "बाबा म्हणतात, पुरे झालं. आता वाचूनही दाखवू नकोस म्हणतात." कारण तिला माहीत नाही. ते दाराकडे तोंड करून बसत नाहीत आता, भिंतीकडे खुर्ची वळवून घेतली आहे, असं म्हणाली. दिसणं गेल्यावर काय फरक पडतो, मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ब्लॉगचा बॅकअप घ्यायला लागलो. या वेळी पहिल्याच प्रयत्नात झाला.

"कुणी काही लिहिलं?" हे तिनं आज विचारलं नाही.

१६ एप्रिल

मेलची कचरापेटी महिन्यानं आपोआप रिकामी होते. काल झाली. कुणाला काही करावं लागत नाही.

बिजागरीची तीन कामं आली. मामा म्हणाला, हात बसला तुझा. स्क्रूड्रायव्हर खरोखर चांगला आहे, घामट हातातूनही निसटत नाही.

काकांनी काडी सरळ केल्यापासून डोकं एकदाही दुखलेलं नाही.